तंबूची जागा: सह्याद्रीत मुलाबाळांसह मुक्काम करताना

पवना, मुळशी किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी पोहोचलं की सगळ्यांना एकच मोह होतो. तंबूचं दार पाण्याकडे, आणि तंबू पाण्याला जमेल तितका लगटून. फोटो सुरेख येतो. पण पहाटे तोच तंबू आतून निथळत असतो, पांघरुणं दमट झालेली असतात, आणि अंधारात लघवीला उठलेल्या मुलापासून पाणी दहा पावलांवर असतं. बघायची जागा वेगळी आणि झोपायची जागा वेगळी, एवढं एक सूत्र धरलं तरी कुटुंबाच्या मुक्कामातले निम्मे त्रास टळतात. खुर्च्या, सतरंजी, चहाचा थर्मास पाण्याकाठी खुशाल न्या. तंबू मात्र जमीन बघून लावा. सूर्यास्त अर्ध्या तासाचा असतो, हिवाळ्यातली रात्र बारा तासांची.

जमीन बघायची तर उजेड हवा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या पूर्व अंगाला त्याच्या बऱ्याच आधी सावली येते. म्हणून साडेतीनपर्यंत पोहोचायचं, अर्धा तास नुसतं फिरायचं आणि मग सामान उतरवायचं. पाच वाजता पोहोचलेली मंडळी पहिल्या सपाट तुकड्यावर तंबू टाकतात. तो तुकडा सपाट का आहे, याचा विचार करायला त्यांच्याकडे वेळच नसतो.

सपाट जागा सपाट का असते

डोंगरात आपोआप सपाट झालेली जागा बहुतेक वेळा पाण्याने केलेली असते. आत्ता कोरडं दिसत असलं तरी पाणी इथून गेलं होतं का, याच्या खुणा उरतात. पालापाचोळा आणि काटक्या एका रेषेत अडकलेल्या असतात. गवत एकाच दिशेला झोपलेलं असतं. झाडाची मुळं एका अंगाने उघडी पडलेली असतात, मातीवर बारीक ओघळ असतात. आजूबाजूला सगळं गवत वाळलेलं आणि मध्येच एक हिरवागार पट्टा असेल, तर खाली ओल आहे. खेकड्यांची बिळं दिसली तरी तेच. अवकाळी पाऊस आता कुठल्याही महिन्यात येतो, त्यामुळे ‘पावसाळा संपला’ एवढ्या भरवशावर ओघळीत झोपू नये.

मावळात आणि अकोले तालुक्यात सगळ्यात फसवी जागा म्हणजे कापणी झालेलं भातखाचर. नोव्हेंबर-डिसेंबरात ते तंबूसाठी मुद्दाम तयार केल्यासारखं दिसतं. पण खाचर बांधलेलं असतं पाणी अडवायला. चारी बाजूंनी बांध, खाली चिखलणीने घट्ट झालेला थर. एक सर आली तरी पाणी मुरत नाही आणि वाहूनही जात नाही, तंबूखाली साचून राहतं. शिवाय भाताची धसकटं. कापणीनंतर उरलेले हे ताठ, धारदार खुंट तंबूचा तळ आणि हवेची गादी दोन्ही फोडतात. उतारावरच्या खाचरांत थंड हवा बांधाआड साठते ती वेगळीच. खाचरातच राहायची वेळ आली तर सगळ्यात वरचं खाचर घ्या, बांधापासून तीन-चार मीटर लांब राहा, आणि धसकटं खुरप्याने जमिनीसरशी कापून वर पेंढा पसरा. पेंढा मालकाला विचारून. तो गुरांचा वर्षभराचा चारा असतो.

याच शिवारात उत्तम जागाही असते: खळं. मळणीसाठी शेतकरी जी जागा निवडतो ती थोडी उंचावर, टणक, पाण्याचा निचरा होणारी असते, आणि उफणणीला वारा लागतो म्हणून हवेशीरही असते. तंबूला नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. मळणी संपली असेल आणि घरच्यांनी हो म्हटलं, तर लहान मुलांच्या पहिल्या मुक्कामासाठी खळ्यासारखी जागा नाही. घर हाकेच्या अंतरावर, पाणी आणि संडास जवळ, कुत्रं राखणीला. फक्त सारवलेल्या खळ्यात खुंट्या ठोकू नका. दोऱ्या दगडांना बांधा.

मातीचंही बघावं लागतं. बारीक मुरूम सगळ्यात चांगला. पाणी पटकन जिरतं आणि नीट ठोकली तर खुंटी धरते. काळी माती कोरडी असताना भेगाळते, त्या भेगांत विंचू असतात, आणि ओली झाली की पायाला किलोकिलोने चिकटते. गाडीही त्यात रुतते. धरणाचं पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला, पापडी धरलेला दिसतो. चारचाकी त्यावर नेली की पापडी फुटते आणि चाक आत जातं. उन्हाळ्यात धरणाकाठी ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच अडकलेल्या असतात. पाण्याकडे जाताना जमिनीत टाच जोरात मारून बघा. ओलसर ठसा उमटला की गाडी तिथेच थांबवायची.

तीन बाय तीन मीटरच्या तंबूला दोऱ्यांसकट पाच बाय पाच मीटर मोकळी जागा लागते. आधी तेवढ्या जागेतले खडे, काटे आणि बोरी-बाभळीच्या फांद्या हाताने वेचून काढा. हातमोजे घालून, आणि दगड उचलायचा तर पलीकडची कड आपल्याकडे उलटून, म्हणजे खालचा विंचू आपल्या विरुद्ध बाजूला राहतो. मग तंबू न उघडता नुसती ताडपत्री अंथरा आणि घरातल्या मोठ्यांनी तिच्यावर आडवं होऊन पाहा. पाठीला खडा टोचतोय का आणि डोकं खाली जातंय का, दोन्ही लगेच कळतं. पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवली आणि ती हळू सरकली, तर उतार चालण्यासारखा आहे. घरंगळत गेली तर जागा सोडा. थोडा उतार असलेला बराच, पाणी साचत नाही. डोकी चढाच्या बाजूला करायची. आडव्या उतारावर झोपलं की सगळं घर रात्रभर एका कडेला गोळा होतं आणि सगळ्यात खालच्या मुलाची झोप उडते.

वर बघा

झाडाची सावली दुपारी हवीशी, रात्री जोखमीची. वाळकी फांदी वारा नसतानाही पडते. उंबर, आंबा, जांभूळ यांच्या कडेला, फांद्यांच्या पसाऱ्याबाहेर तंबू लावला की सकाळची सावलीही मिळते आणि दव कमी पडतं. कोकणात माडाखाली तर कधीच नाही. नारळ आणि झावळ्या दोन्ही जीवघेण्या.

आणि आग्या मोहोळ. मोठ्या झाडांवर आणि किल्ल्यांच्या कड्यांना ही पोळी लटकलेली असतात, हात-दीड हाताची, काळपट, अर्धगोल. धूर, उग्र अत्तर, फटाके, दगड मारणं, यातल्या कशानेही माश्या उठतात आणि शेकडोंनी पाठलाग करतात. गडावर होणारे बरेच मोठे अपघात यामुळेच झालेले आहेत. जागा ठरवण्यापूर्वी आजूबाजूची झाडं आणि कडा नीट न्याहाळा. पोळं दिसलं की त्या अंगाला चूल नाही, मुक्कामही नाही. माश्या उठल्याच तर मुलांचं तोंड-डोकं चादरीने झाकून गाडीत किंवा तंबूत शिरायचं आणि चेन लावायची. पाण्यात उडी मारून उपयोग नसतो, त्या वर घिरट्या घालत राहतात.

कड्याच्या पायथ्याशी ताजे, धारदार, मातीचा लेप नसलेले दगड पडलेले असतील तर ते नुकतेच वरून आलेले आहेत. माकडं आणि शेळ्याही दगड ढकलतात. तिथून लांब. कड्याच्या माथ्यावर मुलं असतील तर काठापासून किमान शंभर मीटर आत, आणि मध्ये झाडी किंवा नैसर्गिक अडसर असेल अशी जागा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी खालून वर येणारा वारा तंबू उचलून नेईल इतका असतो.

थंडी खाली उतरते

निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा जड होते आणि उताराने खाली वाहत जाऊन खोलगटात साठते. महाबळेश्वरात हिमकण दिसल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, ती वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरातून. गावात त्याच रात्री पारा काही अंश वर असतो. हाच फरक प्रत्येक दरीत, प्रत्येक तळ्याकाठी लहान प्रमाणात असतो. पाण्यापासून उताराने वीस-तीस मीटर वर चढलं, तर रात्र तीन-चार अंशांनी उबदार मिळू शकते. शिवाय पाण्याची वाफ आणि दव कमी. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरची सपाटी म्हणून सगळ्यात चांगली: खालची थंडी तिथे साठत नाही, माथ्यावरचा वारा तिथे झोडपत नाही.

खिंडीत तंबू लावू नका. दोन डोंगरांमधून वारा चिंचोळा होऊन वेगाने येतो. नाणेघाटात दगडी पायऱ्या चढून वर आलं की अंगावर येतो तोच हा वारा. वाऱ्याची दिशा दुपारी एक आणि रात्री दुसरी असते. दिवसा हवा उताराने वर चढते, रात्री खाली येते. तंबूची अरुंद, बुटकी बाजू रात्रीच्या वाऱ्याकडे, म्हणजे बहुधा चढाकडे, आणि दार आडोशाला. दार पूर्वेकडे उघडत असेल तर सकाळचं ऊन आत येतं आणि तंबू लवकर वाळतो.

एप्रिल-मेमध्ये हिशोब बदलतो. थंडीची भीती नसते, वळवाची असते. दुपारी तीन-चारनंतर ढग चढू लागले की आधी सोसाट्याचा वारा येतो, मग विजा, मग पाऊस. तंबू उडतात ते त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची सूचना देतं, ते फोनवर ठेवावं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी गाडीत बसायचं, काचा बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबू विजेपासून काहीही रक्षण करत नाही. एकटं झाड किंवा उघडं पठार तर त्याहून वाईट.

पाणी: किती जवळ

साठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशी पावलं. भांडी, आंघोळ, लघवी यांचं पाणी तलावात जात नाही, आणि झोपेतून उठलेलं मूल पाण्यापर्यंत पोहोचायच्या आत कुणीतरी जागं होतं. धरणाच्या काठाचा उतार समुद्रकिनाऱ्यासारखा सावकाश नसतो. खाली बुडालेली जुनी शेतं, बांध, ओढ्यांची पात्रं असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्याइतक्या खोलीत जातं. गाळात पाय अडकतो. पोहता येणारी माणसंही म्हणूनच बुडतात. मुलांना काठावर खेळू द्यायचं तर लाइफ जॅकेट घालून आणि एक मोठं माणूस फक्त त्याच कामाला, हातात फोन न घेता.

धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात किंवा पात्रातल्या बेटावर मुक्काम करूच नये. वीजनिर्मितीसाठी किंवा शेतीच्या आवर्तनासाठी पाणी सोडतात, तेव्हा आकाश निरभ्र असतं. सांदण दरीसारख्या घळींचंही तसंच. वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली अचानक येतो, आणि घळीतून बाजूला निसटायला वाट नसते.

कोकणात भरतीची रेषा शोधायची: वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले, प्लास्टिक यांची ओळ. तिच्या वर, सुरूच्या बनाच्या कडेला तंबू लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीच्या ओळीच्याही पुढे येतं. कोळी लोकांचा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि पहाटेही. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर मात्र वाळूत मुक्काम नको, गावातल्या घरी राहा. दिव्यांमुळे पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात.

पिण्याचं पाणी घरूनच न्या. चौघांच्या एका रात्रीला २५ लिटर धरा: पिण्याला १२, स्वयंपाकाला ५, भांडी आणि हात धुवायला ८. एक २० लिटरचा जार आणि ५ लिटरचा एक नळाचा कॅन. नळ असला की हात धुवायला निम्मं पाणी लागतं. तलावाचं पाणी वापरायची वेळ आली तर सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून खळखळून उकळा. तुरटीने पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत.

तंबू उभा करताना

‘चार माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू साधारण सात बाय सात फुटांचा असतो. त्यात दोन मोठी आणि दोन लहान माणसं सामानाशिवाय मावतात. चौघांच्या कुटुंबाने सहा माणसांचा घ्यावा. दुहेरी कापडाचा असणं आवश्यक: आत जाळीदार खोली, बाहेर पाणी अडवणारं छत, मध्ये चार बोटं मोकळी हवा. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत रात्रभराचा श्वास छताला लागून थेंब होऊन अंगावर पडतो आणि लोकांना वाटतं तंबू गळतो. चार माणसं रात्रभरात लिटरच्या आसपास वाफ सोडतात. कितीही थंडी असली तरी वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, आणि बाहेरचं छत ताणून बसवायचं. दोन कापडं एकमेकांना जिथे चिकटतात तिथेच ओल येते.

खाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच लहान हवी. मोठी असेल तर दुमडून आत घ्या. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेला पाऊस सरळ तंबूखाली येतो, आणि बहुतेक ‘तळातून गळणारे’ तंबू असेच गळतात. तंबूभोवती चर खणायची जुनी पद्धत सोडून द्या. चर लागत असेल तर जागाच चुकलेली आहे, आणि खणलेल्या चरातून पुढच्या पावसाळ्यात माती वाहून जाते.

तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या सह्याद्रीच्या मुरमात दुसऱ्या घावाला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सात-आठ इंची जाड खिळे आणि त्यांना मोठे वॉशर घ्या. वजन होतं, पण धरतात. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं आणि दोरीचा ओढ खुंटीला काटकोनात. सरळ उभी ठोकलेली खुंटी पहिल्या जोराच्या झोताला वर येते. कातळावर किंवा जांभ्याच्या सड्यावर खुंटी जातच नाही. तिथे दोरी आधी एका मुठीएवढ्या दगडाला गुंडाळायची आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर पंधरा-वीस किलोचा दगड ठेवायचा. ओढ बसला की लहान दगड मोठ्यामागे अडकतो. नुसत्या मोठ्या दगडाला बांधलेली दोरी कडेवर घासून तुटते. वाळूत किराणा पिशवी वाळूने भरून, दोरीला बांधून हातभर खोल पुरायची. आणि प्रत्येक दोरीला पांढरी चिंधी बांधा. अंधारात मुलं पळताना पडतात ती याच दोऱ्यांना अडखळून.

थंडी अंगाला जमिनीकडून लागते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वर तीन रग आणि खाली नुसती चादर, अशी व्यवस्था असेल तर पहाटे तीनला सगळे कुडकुडतात. खाली ताडपत्री, तिच्यावर तंबू, आत फोमच्या दहा मिलिमीटर जाडीच्या चटया, त्यावर सतरंजी किंवा घोंगडी. हवेच्या गादीत आतली हवा फिरत राहते आणि उष्णता जमिनीत जाते, म्हणून गादी असली तरी तिच्यावर घोंगडी लागतेच. मुलांना झोपताना कोरडे मोजे, कानटोपी, आणि दिवसभर घातलेले घामट कपडे बदललेले हवेत.

चूल, शेगडी आणि एक गोष्ट जी कधीच करायची नाही

निखाऱ्याची शेगडी, बार्बेक्यूची जाळी किंवा गॅस, काहीही पेटतं किंवा धुमसतं तंबूच्या आत न्यायचं नाही. विझत आलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. ‘थोडा वेळच, मुलांना ऊब’ म्हणूनही नाही. दार उघडं ठेवूनही नाही. गाडी सुरू ठेवून आत झोपणंही तितकंच घातक.

स्वयंपाक तंबूपासून तीन-चार मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. २३० ग्रॅमच्या गॅसच्या डब्यावर एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो, उघड्या वाऱ्यात त्याच्या दुप्पट. चौघांचं रात्रीचं आणि सकाळचं एका डब्यात होतं, दुसरा राखीव. आडोसा शेगडीच्या तीनच बाजूंना लावा आणि डबा मोकळा राहू द्या. चारी बाजूंनी कोंडला तर डबा तापून फुटू शकतो. डबा आडवा बसणाऱ्या शेगडीवर मोठा तवाही त्याच कारणाने नको. तो डब्याच्या खणावर येतो. पहाटेच्या थंडीत ज्योत बारीक होते, कारण गार ब्युटेनचा दाब कमी पडतो. डबा पाच मिनिटं जॅकेटच्या खिशात धरा.

चौघांच्या खिचडीला दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, सात वाट्या पाणी. तांदूळ-डाळ घरी धुऊन, वाळवून, हळद-मीठ घालून पिशवीत बांधली की तिथे धुण्याचं पाणी वाचतं. तूरडाळ नेऊ नका. हरिश्चंद्रगडासारख्या चौदाशे मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकर नसेल तर तूर शिजता शिजत नाही.

लाकडाच्या शेकोटीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. जानेवारीपासून गवत पेट घ्यायला टेकलेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगर जळतो. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्याने. भंडारदऱ्याभोवतीची रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतात. गावात, मालकाच्या अंगणात, नेहमीच्या चुलीपाशी शेका. तेवढं पुरतं.

सोबतीला कोण असतं

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. मूल पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं, उलटी झाली, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर अपचन समजू नका, दवाखाना गाठा. तंबूची चेन म्हणूनच दिवसासुद्धा बंद ठेवायची, आत-बाहेर करताना लगेच ओढायची. बूट आत ठेवा किंवा पिशवीत बांधा, घालण्याआधी झटका. कोकणातल्या कातळांवर फुरसं दगडांत बसलेलं असतं, त्यामुळे अंधारात मुलांच्या पायात बंद बूट आणि हातात स्वतंत्र बॅटरी हवीच. दंश झाला तर तो भाग हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, चिरायचा नाही. १०८ ला फोन, आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय. ते कुठे आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवलेलं असलं पाहिजे.

लाल विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त घातक. वेदनेपाठोपाठ दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं की वेळ दवडायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, त्यामुळे वेळेत पोहोचलेली मुलं आज वाचतात. मंत्र, पाला, लेप यांत गेलेला तास परत येत नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात उसालगत तंबू नको. बिबटे उसात राहतात आणि अंधारात खाली बसलेलं मूल त्यांना लहान जनावरासारखं दिसतं. संध्याकाळनंतर मुलांनी एकट्याने शौचाला जायचं नाही, कुत्रा बाहेर बांधायचा नाही, मटणाची हाडं आसपास टाकायची नाहीत. गुरं बसतात त्या जागी गोचिडी असतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्याच्या सत्तरीत जानेवारी ते मे या काळात गोचिडींतून माकडताप पसरतो. रात्री झोपण्यापूर्वी मुलांच्या काखा, कानामागचा भाग आणि कमरेची घडी बॅटरीने बघा.

संडास

बायका आणि मुलं परत यायला तयार होतात की नाही, हे याच एका गोष्टीवर ठरतं. वाडीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहा आणि एखाद्या घरचा संडास वापरायची आधी बोलणी करा, योग्य पैसे द्या. ते जमत नसेल तर कपडे बदलायचा उभा तंबू, आत झाकणाची बादली, जाड पिशवी आणि राख किंवा लाकडाचा भुसा. उघड्यावर जावंच लागलं तर पाण्यापासून ऐंशी पावलं, वीतभर खोल खड्डा, मग माती. ओले टिश्यू, डायपर, पॅड पुरायचे नाहीत. कुत्री उकरून काढतात. ते बंद पिशवीतून घरी परत.

परवानगी जमिनीच्या मालकाची घ्यायची, आणि वनखात्याची जमीन असेल तर वनरक्षक किंवा गावच्या वन समितीची. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदरा परिसरात नियम कडक असतात, आणि असायलाच हवेत. बॅटरी आणि गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांचे लुकलुकणारे इशारे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांचं मीलनच थांबतं.

पैसे भरून तयार कॅम्पवर जाणार असाल तर फोनवर जेवणाचा मेन्यू शेवटी विचारा. आधी विचारा: संडास किती तंबूंमागे एक, पाण्याकडे कुंपण आहे का, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, दोन तंबूंत किती अंतर, विजेच्या वायरी गवतातून नेल्या आहेत का, आणि स्पीकर कधी बंद होतो. रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. या प्रश्नावर जो मालक गुळमुळीत उत्तर देतो, त्याच्याकडे मुलं झोपू शकणार नाहीत. गाडी कुठेही लावा, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे आणि मागे-पुढे कुणी अडवणार नाही अशी.

सकाळी तंबू उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. छत काढून उलटं झाडावर टाका, तळ वर करून वाळवा, खुंट्या मोजा. निघायची घाई असेल आणि ओलाच बांधावा लागला, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गॅलरीत पसरा. दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशी धरते, शिवणीवरची पट्टी सुटते, आणि पुढच्या वेळी तो खरोखरच गळतो.